न जळालेलं आर्मेचर

ड्रिल मशीन बंद पडली तेव्हा श्रीदेवीला आधी बरं वाटलं, आणि मग बरं वाटलं याची लाज वाटली. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाईंकडं तिचा नवरा शिवपुत्र पडद्याचा दांडा बसवायला गेला होता. खाली आपल्या घरात ती मांडीवर साडी घेऊन फॉल लावत होती, पण कान सगळे वर होते. ड्रिलचा आवाज छतातून भिंतीत आणि भिंतीतून तिच्या पाठीत उतरत होता. तो सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला, मधेच हट्टी पोरासारखा चिरकला आणि गप्प झाला. मग बराच वेळ काहीच नाही. शिडीवरून पडला असता तर धप्प आवाज आला असता, असं तिनं टाका अर्धवट ठेवून मनाशी पक्कं केलं. थोड्या वेळानं तो जिना उतरून आला. वायर कोपराभोवती गुंडाळलेली, मशीन पोटाशी धरलेली, कपाळावरची विभूती घामानं पसरलेली. "ठिणग्या उडाल्या," तो म्हणाला. "वास यायलाय. गेली बहुतेक." आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. सुटलो एकदाचे, असं ती मनात अगदी स्पष्ट म्हणाली. तोंडावर ती त्याला अहो म्हणायची, मनात मात्र लग्नापासून तो 'तो'च होता. मनातल्या माणसाला कोण अहो-जाहो करत बसतं. तोंडानं ती म्हणाली, "अगं बाई, आता हो?" आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तांब्या त्यानं डाव्या हातानं घेतला.

उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरत होता. आधी चहा पिताना कप बशीत वाजायला लागला. तिनं बशी देणं बंद केलं. मग शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागायला लागला, तेव्हा तिनं त्याच्या सगळ्या शर्टांना आतून टिचबटणं लावून टाकली आणि विचारलं तर म्हणाली, आजकाल हीच पद्धत आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शिडीवर चढायचं नाही म्हणून बजावलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "डॉक्टरचं काय, समद्यांला तेच सांगत्यात," आणि ती म्हणाली, "हो ना." ते 'हो ना' तिला अजून टोचत होतं. त्या वेळी रस्त्यात उभं राहून म्हणायला हवं होतं, की नाही, तुम्हालाच सांगितलंय, तुमचा हात गेलाय. पण तसं म्हणणारी जीभ तिला देवानं दिली नव्हती. तिला दिली होती ती झाकायची विद्या. साडीच्या फाटक्या काठाला आतून फॉल लावला की वरून काही दिसत नाही. तिचा सगळा धंदाच तसा. अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेले तेव्हा तिथल्या ओळखीच्या किराणावाल्याकडं टीव्हीचा स्टँड बसवायचं काम निघालं. शिवपुत्रानं मशीन पिशवीत बरोबरच घेतली होती, तो देवाला जातानाही ती घेऊन जायचा. पहिलं भोक चुकलं. दुसरं चुकलं. मग भिंतीवर देवीचे वण उठावेत तशी भोकं उठत गेली. "गिलावाच कच्चा हाय," शिवपुत्र म्हणाला. किराणावाल्यानं भला माणूस म्हणून मान हलवली, त्याच्या सुनेनं एक कॅलेंडर आणून त्या भोकांवर टांगलं, आणि श्रीदेवी पुढं होऊन म्हणाली, "वाळू जास्त पडलीय, दिसतंयच." धाराशिवला परतताना एसटीत तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि ती पर्समधल्या प्रसादाची पुडी पुन्हा पुन्हा नीट बांधत होती. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा शिडी घेऊन निघाला, तेव्हा तिनं त्याच्या डब्यात भाकरीवर जास्तीचा गूळ ठेवला. दुसरं काय करता येईल हे तिला सुचलं नव्हतं.

"बाजारात चाललीसच तर किसनकडं टाक," मशीन बंद पडली त्या दिवशी तो म्हणाला होता. रामकिसनचं दुरुस्तीचं दुकान बस स्टँडमागच्या गल्लीत होतं. मूळचा तो तेरचा. तरुणपणी रोज एसटीनं धाराशिवला यायचा, आणि तो आणि शिवपुत्र एकाच उस्तादाच्या हाताखाली मोटार भरायला, म्हणजे तिच्यात तांब्याची तार गुंडाळायला, शिकले. पुढं रामकिसन दुकानात बसला आणि शिवपुत्र शिडी घेऊन घरोघर फिरायला लागला. ताटातला घास वाटून खाल्लेली माणसं. मशीन वजनाला एवढी होती, की पिशवीचे बंद श्रीदेवीच्या बोटांत रुतले, आणि हे धूड तो थरथरत्या हातानं डोक्याच्या वर धरतो या विचारानं तिला वाटेतच दोनदा थांबावं लागलं. मशीन मरू दे, असं ती देवाला म्हणत नव्हती. पण देवानं आपणहून मारली असेल तर तिची काही तक्रार नव्हती. रामकिसननं मशीन खोलली, आतल्या आर्मेचरच्या तांब्याच्या तारांवर उजेड पाडून बघितलं आणि हसला. "वहिनी, काय सुदिक झालेलं न्हाय. नुसते कार्बनचे तुकडे झिजलेत. बसा, चहा येस्तवर देतो करून."

तिला बसवेना. समोर चहा आला, त्याच्यावर साय धरली. मशीन पाच-दहा मिनिटांत पुन्हा जिवंत होणार, तो पुन्हा शिडीवर चढणार, पुन्हा भोकं चुकणार, आणि एक दिवस भोक भिंतीत पडणार नाही. तिनं इकडं तिकडं बघितलं, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "रामकिसनभाऊ, करू नका दुरुस्त," ती म्हणाली. त्याला वाटलं खर्चाचं म्हणतेय. "अवं, लई किरकोळ काम हाय."

"तसं नाही. तुम्ही त्यांचा हात बघितला नाही का?"

रामकिसननं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तो फडक्यानं बराच वेळ हात पुसत राहिला. "बघितलाय. हितं आला की कप डाव्या हातात धरतो. म्या इचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय."

"मग आर्मेचर जळालं म्हणा. या मशीनचं सामान आता मिळत नाही म्हणा."

"वहिनी, शिवाला म्या खोटं सांगू? त्यापरीस तुमीच का सांगत न्हाय, बाबा, शिडी सोड म्हणून?"

"माझ्या तोंडातून निघत नाही हो," ती म्हणाली, आणि ते मात्र शंभर टक्के खरं होतं. मग तिनं त्याला गळ्याची शपथ घातली. रामकिसननं मान खाली घालून मशीन जशी होती तशी बंद केली. "घरी तुमीच सांगा. त्यानं इचारलं तर व्हय म्हणीन. आपणहून न्हाय सांगायचो." पिशवी परत नेताना मशीन मघापेक्षा जड झाली होती, असं काही नाही. तेवढीच होती. पण जाताना ती आजारी माणसाला दवाखान्यात नेत होती आणि येताना धडधाकट माणसाला मेलेला म्हणून घरी आणत होती. चौकातला गजरेवाला ओळखीचा होता, त्यानं हाक मारली. तिनं बघितलं नाही.

शिवपुत्रानं सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाला. त्यानं आदळआपट केली असती, रामकिसनला फोन केला असता, सोलापूरला सामान मिळतंय का बघतो म्हणाला असता, तर तिला भांडता आलं असतं. भांडणात माणूस स्वतःचं खरं करून घेतो. पण तो नुसता बरं म्हणाला, मशीन फडक्यानं पुसली आणि फळीवर ठेवली. पुण्याच्या नंदीशनं, त्यांच्या मुलानं, बातमी कळताच बॅटरीवर चालणारी नवी मशीन पाठवून दिली. "बाबांना म्हणावं, मोडीत काढा ती जुनी. हिला वायर नाही, वजन नाही, काही नाही," तो फोनवर म्हणाला. शिवपुत्रानं ती खोक्यातून काढली, हवेत धरून एकदा बटण दाबलं. "वजनच न्हाय हिला," तो म्हणाला, "कळणार कसं भिंत लागली म्हणून?" आणि ती त्यानं परत खोक्यात निजवली. हलकी मशीन थरथरत्या हातात जास्तच हलते, हे तिनं बघितलं आणि त्यानंही बघितलं. फोन येत राहिले. "न्हाय अक्का," तो सास्तूरच्या शांताक्काला सांगत होता, "मशीन गेली माझी. दुसरी हाय, पर तिचं मला अजून कळत न्हाय. बघा दुसरं कुणी." पलीकडून शांताक्का काय म्हणाली ते श्रीदेवीला ऐकू आलं नाही, पण ठाऊक होतं. दुसरं कुणी तिला चालणार नव्हतं.

कारण शिवपुत्राची एक रीत होती. भूकंपानंतर सास्तुरात नवी घरं बांधली तेव्हा तो तिथं कामाला होता, आणि काम संपवून परत चाललेल्या एका इंजिनिअरनं त्याला ही मशीन दिली होती. पहिल्याच घरात त्यानं भिंतीला ती लावली आणि भिंत गुणगुणली, फरशी गुणगुणली, आणि शांताक्का पिठाचे हात घेऊन किंचाळत बाहेर पळाली. दुपारभर ती अंगणात उभी होती, आत यायला तयार होईना. तेव्हापासून शिवपुत्र बटण दाबायच्या आधी घरभर फिरून सांगायचा, "मशीन लावायलोय हो, बाहेर या," आणि सगळ्यांत म्हातारं माणूस अंगणात येऊन नीट बसेपर्यंत शिडीवर तसाच थांबायचा. कितीही वेळ लागो. त्या भागातली म्हातारी माणसं अजूनही दुसऱ्या कुणाला भिंतीला हात लावू देत नाहीत. धाराशिवच्या फ्लॅटमध्येही तो तसंच ओरडतो आणि पोरंटोरं हसतात. श्रीदेवीचं माहेर सास्तूरचं. भूकंपाच्या पहाटे तिची धाकटी बहीण गेली, आणि पुढं वर्ष-दोन वर्षं तिची आई भांडं पडलं तरी दारात पळायची. त्या घरात पंख्याचा हूक बसवायला हा माणूस आला होता. आई बाहेर यायला तयार नव्हती, आतच थिजून बसली होती. हा शिडीवरून उतरला, उंबऱ्यावर बसला, आणि गप्पा मारत राहिला, कन्नडात, आईच्या माहेरच्या बोलीत. ऊन कलल्यावर आई उठली आणि त्याच्याबरोबर अंगणात आली, तेव्हा कुठं हूक बसला. श्रीदेवी तुळशीपाशी उभी राहून बघत होती. याच्याशी लग्न करायला हरकत नाही, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता फळीवरच्या मशीनकडं बघताना तिला तेच आठवायचं. या माणसानं आयुष्यात कुणाला न सांगता बटण दाबलं नाही. आणि आपण त्याच्याच बाबतीत न सांगता दाबून मोकळ्या झालो.

तो घरी बसायला लागला. तिच्या साड्यांच्या घड्या घालून द्यायचा, रिळांची गुंतलेली दोरी सोडवायचा. गुंता त्याच्या बोटांनी आणखी वाढायचा आणि ती नंतर, तो आंघोळीला गेला की, हळूच सोडवून ठेवायची. "विश्रांती मिळाली तुम्हाला," ती म्हणायची. "व्हय," तो म्हणायचा. जेवण कमी झालं. दाढी दोन दिवसांवर, मग चार दिवसांवर गेली. माणूस शिडीवरून पडू नये म्हणून तिनं शिडी काढून घेतली, आणि माणूस बसल्या जागी खचत चालला. तरी ती गप्प राहिली, कारण जिवंत होता. रोज सकाळी तो डोळे उघडायचा तेव्हा ती आधी हाच हिशेब मांडायची, आणि तो रोज तिच्या बाजूनं लागायचा. रोज तिला स्वतःची चीड यायची ती वेगळीच.

तिच्या हातून एकच चूक झाली. तिला खंडेनवमी आठवली नाही. चालणारं असो की मोडकं, हत्यार नवमीला खोलून, पुसून, तेलपाणी करून पूजेला मांडायचं, हा त्या घरचा नेम होता. मोडकं झालं म्हणून विळी आपण पूजेतून काढत नाही, तशीच मशीन. खाली रस्त्यावरून तुळजापूरला अनवाणी निघालेल्या बायका-माणसांचे घोळके चालले होते, आणि शिवपुत्रानं जुना पेपर पसरून मशीन खोलायला घेतली. ती स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. "श्रीदेवी, इकडं ये," त्यानं हाक मारली, आणि त्या हाकेतला तरुण आवाज ऐकून ती पुरणाचे हात न पुसताच बाहेर आली. त्यानं आर्मेचर हातात धरलं होतं. हात हलत होता म्हणून तारांवर ऊन नाचत होतं. "हे बघ. जळालं असतं तर काळं पडलं असतं का न्हाय? वार्निश सुदिक जशाला तसं हाय. हे कोरं हाय गं! नुसते कार्बन गेलेत. बघ, ह्ये बघ, नखाएवढे राहिलेत."

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली.

मशीन परत जोडताना त्याच्या बोटांतून एक स्क्रू निसटला आणि खाटेखाली गेला. ती वाकली, हात घालून चाचपडली. स्क्रू लगेच सापडला. तिनं तो मुठीत धरला आणि तशीच खाटेखाली डोकं घालून राहिली. नाही सापडत म्हटलं तर काय होईल? दुसरा स्क्रू आणेल. मुठीत किती लपवायचं? धुळीनं तिला शिंक आली. बाहेर येऊन तिनं स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्यानं तिच्याकडं इतक्या आनंदानं बघितलं, की ती उठून पुरणाकडं गेली. रिक्षा बोलावून तो मशीन घेऊन रामकिसनकडं निघून गेला. तो परत येईपर्यंत तिचं पुरण करपलं. तिला वाटत होतं, आता तो येईल तो सगळं कळूनच येईल. तिला ते नको होतं आणि तिला ते हवंही होतं, म्हणजे एकदाचं संपलं असतं.

तो आला तो मात्र डोळे पुसत. मशीन चालू झाली होती, नवे कार्बन त्यानं स्वतः बसवले होते, पण तिचं त्याला भान नव्हतं. "किसनला दिसत न्हाय गं आता," तो खाटेवर बसत म्हणाला. "म्या खोलून दावलं. म्हणलं, किसन, ह्ये जळालंय व्हय? त्यानं लई येळ बघितलं. मग म्हणला, शिवा, माझीच नजर गेली बाबा. सावलीलाच काळं समजलो. आता काय बोलावं? मोटारीचा येढा एक तार कमी भरला तर अंधारात हात फिरवून सांगणारा माणूस. म्हातारा झाला किसन माझा." त्यानं मशीनवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या, डाव्या हातानं, आणि देवासमोर बसून तो मशीनचं नाही, रामकिसनच्या डोळ्यांचं मागणं मागत होता. श्रीदेवी नैवेद्याचं ताट घेऊन मागं उभी होती. करपलेल्या पुरणाला तो छान झालंय म्हणाला.

इथून पुढं सगळं तिच्या हातचं गेलं. शिवपुत्र पुन्हा दाढी करायला लागला, वरच्या बाईंचा दांडा त्यानं बसवून दिला, तो किंचित तिरका बसला आणि बाई काही बोलल्या नाहीत. "म्या सोताच्या हातानं दुरुस्त केली," तो भेटेल त्याला सांगायचा, आणि त्याला जोडूनच, हळहळून, चांगुलपणानं सांगायचा, की किसनकडं आता काही टाकू नका, माणूस सोन्यासारखा आहे पण नजर अधू झालीय, विजेचं काम, उगं त्याच्या जिवावर बेतेल. वरच्या बाईंचा मिक्सर दुसरीकडं गेला. रामकिसनच्या समोरच्या हॉटेलवाल्याचा ग्राइंडर दुसरीकडं गेला. पेरल्याशिवाय उगवत नाही म्हणतात. तिनं एका माणसाच्या कानात पेरलं होतं, ते गल्लीभर उगवलं. तिनं एकदा म्हणून बघितलं, "कशाला सांगत फिरता सगळ्यांना?" तर तो म्हणाला, "अगं, त्याला सोताला कळत न्हाय म्हातारपण. जवळच्या माणसानंच संभाळाय पायजे." तिला ताट तिथंच सोडून उठावंसं वाटलं. जवळच्या माणसानंच सांभाळायला पाहिजे, हेच तर तीही स्वतःला रोज सांगत होती. शब्दसुद्धा तेच.

एका दुपारी ती रामकिसनच्या दुकानात गेली. दुकान उघडं होतं आणि टेबल मोकळं होतं. त्या टेबलावर कोपर टेकायला कधी जागा नसायची. गल्लीतला इस्त्रीवाला आपली इस्त्री घेऊन उभा होता. "मामा, दिसतंय ना नीट? न्हायतर राहू द्या, म्या बघतो दुसरीकडं," तो म्हणाला आणि रामकिसननं काही म्हणायच्या आत इस्त्री उचलून चालता झाला. रामकिसननं चष्मा काढून पुसला, जणू खरंच दोष त्याचाच होता. श्रीदेवीला बघून त्यानं स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. "मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "आज सांगते."

"राहू द्या वहिनी. शपथ घातलीया तुमी."

"मी सोडवते शपथ."

"तसं न्हाय," तो म्हणाला. "परवा आला हुता हितं. वर्षभरात असा हसताना बघितला न्हाय म्या त्याला. किसनला जमलं न्हाय ते म्या केलं म्हणतोय. त्याला आता काय सांगणार? बायकूनं आन् दोस्तानं मिळून तुला घरात बसवला म्हणून? त्याचं हासू जाईल. माझं काय, नजर गेली म्हणल्यानं नजर थोडीच जाती." एवढं बोलून तो हसला, पण मोकळ्या टेबलावर त्याचा हात उगाच काहीतरी शोधत फिरत होता. ती घरी आली. आता एकाचं नाव वाचवायचं तर दुसऱ्याचं हसू काढून घ्यायला लागणार होतं, आणि दोन्ही तिच्याच हातात होतं. तिनं साडी मांडीवर घेतली, फॉल उलटा लावला, उसवला, पुन्हा उलटा लावला. संध्याकाळी सांगू, जेवल्यावर सांगू, सकाळी सांगू. असं करत सगळा आठवडा गेला.

मग शांताक्काचा फोन आला. नातीच्या लग्नाआधी माडीवर पंखे बसवायचे होते. सकाळच्या उन्हात शिवपुत्र शिडीचे पाय तपासत होता आणि खुशीत होता. "म्या काय ठरवलंय," तो म्हणाला, "किसनला संगं न्यायचं. म्हणणार हाय, दुकान बंद कर आता. म्या भोकं पाडतो, तू शिडी धर. निदान डोळ्याचं काम न्हाय त्याच्यात. म्हातारपणी दोघं संगं फिरू." त्याला खरंच ते सुख दिसत होतं. तिला दिसत होतं, की रामकिसन हो म्हणेल. मान खाली घालून दुकानाचं शटर ओढेल, आणि ही शिडी धरून खाली उभा राहील, वर हलणाऱ्या हाताकडं बघत.

"अहो, बसा जरा," ती म्हणाली.

तो शिडी धरून उभाच राहिला.

"रामकिसनभाऊंचे डोळे चांगले आहेत. मशीन खोलल्या खोलल्या कार्बन गेलेत म्हणाले होते. मीच म्हटलं दुरुस्त करू नका. आर्मेचर जळालं हे मी रचलं. शपथ घातली त्यांना."

बोलून झालं. आकाश काही कोसळलं नाही. खाली कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती होत नव्हती. "का?" शिवपुत्रानं विचारलं.

"तुमचा हात," ती म्हणाली, आणि इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते दोन शब्दांचं निघालं. "मला भीती वाटते. शिडी हलली की मला वाटतं, गेला. रोज वाटतं."

त्यानं शिडीवरचा उजवा हात काढून समोर धरला आणि दुसऱ्याचा असल्यासारखा बघितला. "तुला दिसत हुतं व्हय समदं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही लपवत होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"म्या कुठं लपवत हुतो?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "तू बशी द्यायची बंद केलीस. शर्टाला टिचबटणं लावलीस. मला वाटलं, हिला बघवत न्हाय. हिच्यासमोर कशाला दावा. म्हणून डाव्या हातानं घ्याय लागलो."

ती रडली. पदर तोंडात धरून, लहान पोरीसारखी रडली. त्यानं तिची समजूत काढली नाही आणि तिच्यावर चिडलाही नाही. शिडी भिंतीला टेकवून तो खाटेच्या कडेला बसला. तिला वाटलं आता हा पुन्हा गप्प होणार, दाढी वाढणार, आणि या वेळी दोष द्यायला मशीनही नसेल. "गल्लीभर सांगितलं म्या," तो शेवटी म्हणाला, तिला नाही, स्वतःलाच. "किसनला दिसत न्हाय म्हणून. हॉटेलवाल्याला सांगितलं. इस्त्रीवाल्याला सांगितलं. आन् त्यो ऐकून घेत राहिला." तो उठला, टोपी घातली. "चप्पल घाल," तो तिला म्हणाला.

रस्ताभर तो तिच्या दोन पावलं पुढं होता. गल्लीत ऊन चढलं होतं. रामकिसनच्या समोरच्या हॉटेलात बाकावर माणसं बसलेली, हॉटेलवाला बाहेर भजी तळत होता. शिवपुत्राला बघून त्यानं झारा वर करून नमस्कार केला आणि विचारलं, "काय मामा, दोस्ताला दवाखान्यात न्यायलाव का डोळं दावायला?" बाकावरचे हसले. वाईट हसले नाहीत, ओळखीचे हसले. रामकिसन दुकानातून अर्धवट उठला. त्यानं आधी शिवपुत्राकडं बघितलं, मग श्रीदेवीकडं, आणि त्याला कळलं. तो घाईनं म्हणाला, "शिवा, आत ये, आत बस. चहा सांगतो." श्रीदेवीलाही तेच हवं होतं. आत जावं, शटर अर्धं ओढावं, तिघांनी हळू आवाजात मिटवून टाकावं.

शिवपुत्र आत गेला नाही. तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि घरोघर हाक द्यायचा त्या मोठ्या आवाजात म्हणाला, "ऐका रे. किसनच्या डोळ्याला काय झालेलं न्हाय. म्या चुकीचं सांगितलं. माझा हात गेलाय. वरीस झालं. मला लाज वाटू नये म्हणून ह्यानं सोताच्या डोळ्यावर आळ घेतला." कढईत भजी चुरचुरत होती आणि झारा हॉटेलवाल्याच्या हातात तसाच होता. कुणीतरी म्हणालं, "असू द्या मामा, वयाचं हाय." श्रीदेवी पुढं झाली, पदराखाली घ्यावा तसा तो हात तिला झाकायचा होता, वर्षभर झाकला होता तसाच. शिवपुत्रानं तिला डाव्या हातानं बाजूला केलं. मग त्यानं उजव्या हाताची बाही वर सारली, तो थरथरता हात सगळ्यांच्या समोर लांब केला, आणि बाकावरच्या शेवटच्या माणसानं नीट बघेपर्यंत मागं घेतला नाही.